मनोरे उभे राहिले, गाडी यायची आहे : सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रान्सबे स्थानकाचं प्रकरण

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन स्ट्रीटवर 61 मजल्यांचा, 326 मीटर उंच सेल्सफोर्स टॉवर आहे. त्याला खेटून बसगाड्यांचं लांबलचक स्थानक आहे आणि स्थानकाच्या छतावर 5.4 एकरांची बाग. या सगळ्याच्या खाली, जमिनीच्या पोटात, रेल्वेसाठी बांधलेलं दोन मजली तळघर आहे. त्यात आजवर एकही गाडी आलेली नाही. रूळसुद्धा टाकलेले नाहीत.

उंच इमारतींना परवानगी द्यायची, त्यातून पैसा उभा करायचा आणि त्या पैशावर सार्वजनिक वाहतूक आणायची, हा हिशेब जगभरच्या शहरांना भुरळ घालतो. इथे तो मन लावून, चांगल्या माणसांनी, बऱ्यापैकी प्रामाणिकपणे मांडला होता. तरी गाडी का आली नाही, हे पाहण्यासाठी हे प्रकरण घेतलं आहे. व्यक्तींची नावं मुद्दाम टाळली आहेत. कोण चुकलं यापेक्षा कुठल्या वळणावर काय ठरलं, ते इथे महत्त्वाचं.

पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्कोला खाडीपलीकडच्या ओकलंडशी जोडणारा बे ब्रिज 1936 मध्ये खुला झाला. 1939 पासून त्याच्या खालच्या मजल्यावरून ओकलंड-बर्कलीच्या बाजूच्या विजेच्या गाड्या शहरात येऊ लागल्या, आणि त्यांच्यासाठी ट्रान्सबे टर्मिनल बांधलं गेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, पेट्रोल रेशनवर असताना, तिथून वर्षाला 2 कोटी 60 लाख प्रवासी जात-येत. पुढे मोटारींचं राज्य आलं. 1958 मध्ये पुलावरच्या गाड्या बंद झाल्या, रूळ उखडून तिथे मोटारींना जागा दिली गेली आणि टर्मिनल फक्त बसचं उरलं. म्हणजे जी रेल्वे आणण्यासाठी आज एवढा आटापिटा चालला आहे, तशी रेल्वे त्याच जागी एकदा होती. हे शहरातल्या जुन्या लोकांना आठवतं आणि ते त्याची आठवण करून द्यायला विसरत नाहीत.

शहराच्या दक्षिणेकडून, सॅन होजेहून येणारी कॅलट्रेन ही लोकल रेल्वे मात्र कधीच डाउनटाउनच्या मध्यापर्यंत पोहोचली नाही. ती फोर्थ आणि किंग स्ट्रीटच्या नाक्यावर थांबते. तिथून कचेऱ्यांच्या मुख्य भागापर्यंत अंतर दोन किलोमीटरच्या आसपास. अंतर तसं फार नाही, पण रोज सकाळी उतरून पुन्हा दुसरं वाहन पकडायचं म्हटलं की माणूस घरून गाडीच काढतो.

17 ऑक्टोबर 1989 रोजी 6.9 तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप झाला आणि चित्र बदललं. किनाऱ्याला लागून असलेला दुमजली एम्बार्काडेरो फ्रीवे आणि टर्मिनलजवळचे उन्नत रस्ते खिळखिळे झाले. हा फ्रीवे पाडावा का, असं 1986 मध्ये मतदारांना विचारलं होतं आणि त्यांनी नाही म्हटलं होतं. भूकंपानंतर नगरपालिकेच्या मंडळात 6 विरुद्ध 5 मतांनी पाडायचा निर्णय झाला. चायनाटाऊनमधले दुकानदार खवळले, कारण त्यांचं गिऱ्हाईक त्याच रस्त्याने येत असे. पाडण्याचा आग्रह धरणारे महापौर पुढची निवडणूक हरले. फ्रीवे 1991 मध्ये पडला आणि किनारा मोकळा झाला. आज तिथे फिरणाऱ्यांपैकी कुणालाही तो परत हवा आहे असं मला वाटत नाही. मात्र ज्यांनी निर्णय घेतला त्यांना त्याची किंमत लगेच मोजावी लागली आणि फायदा पदरात पडला तो पुढच्या पिढीच्या.

उन्नत रस्ते गेल्यावर टर्मिनलभोवती राज्य सरकारच्या मालकीची सुमारे 12 एकर जमीन रिकामी झाली. मोक्याच्या ठिकाणची. सगळं नाट्य या जमिनीभोवती फिरतं.

पेच

1999 मध्ये मतदारांनी एक ठराव मंजूर केला : नवं स्थानक जुन्याच जागी बांधा आणि कॅलट्रेन तिथपर्यंत आणा. 2001 मध्ये त्यासाठी ट्रान्सबे जॉइंट पॉवर्स अथॉरिटी नावाचं प्राधिकरण स्थापन झालं. 2008 मध्ये राज्यातल्या मतदारांनी अतिवेगवान रेल्वेसाठी 995 कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. लॉस एंजेलिसहून येणाऱ्या त्या गाडीचं शेवटचं स्थानकही हेच ठरलं.

इच्छा होती, ठराव होता, जागा होती. पैसा नव्हता.

काम दोन टप्प्यांत विभागलं गेलं. पहिला टप्पा स्थानकाच्या इमारतीचा. दुसरा, फोर्थ-किंगपासून स्थानकापर्यंतच्या बोगद्याचा. कागदावर ही विभागणी शहाणपणाची वाटते. पण पहिला टप्पा डोळ्यांना दिसणारा होता, त्याला फीत कापता येणार होती. दुसरा जमिनीखालचा, महाग, आणि त्याला वाली एकच नव्हता : कॅलट्रेन वेगळी, अतिवेगवान रेल्वेचं प्राधिकरण वेगळं, शहर वेगळं, प्रादेशिक वाहतूक आयोग वेगळा. माझ्या मते प्रकरणाचा निकाल अर्धाअधिक या विभागणीतच लागला होता.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न उंचीचा. सॅन फ्रान्सिस्को हे उंच इमारतींना सहजासहजी मान डोलावणारं शहर नव्हे. 1984 चा कायदा सार्वजनिक बागांवर पडणाऱ्या सावल्यांना मर्यादा घालतो. 1986 च्या जनमताने दरवर्षी किती नवी कार्यालयं मंजूर करायची यावर साडेनऊ लाख चौरस फुटांची मर्यादा आली. 1972 चा ट्रान्सअमेरिका पिरॅमिड, 853 फुटांचा, चार दशकांहून अधिक काळ शहरात सर्वांत उंच राहिला तो उगाच नाही.

मग सवलत कशाच्या बदल्यात द्यायची? 1985 च्या डाउनटाउन आराखड्याने वाढीचा रोख मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेला आधीच वळवला होता. नियोजनकारांची मांडणी सरळ होती : शहरात कुठे उंच जायचं असेल तर जिथे सगळ्यांत जास्त लोक मोटारीशिवाय पोहोचू शकतात तिथेच. स्थानकाशेजारी 1,000 फुटांपलीकडे जाऊ द्यायचं, पार्किंगची सक्ती करायची नाही, उलट त्यावर वरची मर्यादा ठेवायची, आणि वाढीव किमतीचा वाटा विकासकांकडून वाहतुकीसाठी घ्यायचा. आपल्याकडे जादा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) प्रीमियम घेऊन विकला जातो, त्याच जातकुळीतलं. फरक इतकाच की हा पैसा त्याच परिसरासाठी बांधून ठेवला होता.

याला विरोधही होता आणि तो निव्वळ आडमुठा नव्हता. चायनाटाऊनमध्ये घरं कोंदट आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना पोर्ट्समथ स्क्वेअर हेच अंगण. कचेऱ्यांच्या मनोऱ्यांची सावली त्या अंगणावर का पडावी, या प्रश्नाला ‘रेल्वे येणार आहे’ हे उत्तर तेव्हाही अपुरं होतं. गाडी आलेली नसताना आज तर ते आणखी तोकडं वाटतं. 2012 मध्ये नियोजन आणि उद्यान या दोन्ही आयोगांनी काही बागांच्या सावलीच्या मर्यादा शिथिल केल्या. पोर्ट्समथ स्क्वेअर त्यांत होता.

दुसरा प्रश्न तळघराचा, आणि या प्रकरणातली खरी कसोटी तिथे लागली.

मूळ बेत असा होता की आधी जमिनीवरचं बस स्थानक बांधायचं आणि बोगद्याचे पैसे आले की चालत्या स्थानकाच्या खाली खोदायचं. 2010 च्या जानेवारीत मंदीवरच्या उपायांतून केंद्र सरकारने अतिवेगवान रेल्वेसाठी निधी वाटला. त्यातले 40 कोटी डॉलर या तळघरासाठी मिळाले. आता दोन वाटा होत्या. निधी घेऊन आधी पूर्ण खोल खोदायचं, रेल्वेचं तळघर बांधायचं आणि त्यावर स्थानक चढवायचं. पण मग गाडी येण्याची काहीही खात्री नसताना मोठा खर्च जमिनीत गाडला जाणार. किंवा जुन्या बेताला चिकटून राहायचं. पण मग केंद्राचे पैसे हातचे जाणार, आणि उद्या हजारो प्रवासी डोक्यावरून ये-जा करत असताना खाली खोदकाम करणं जास्त महाग आणि जोखमीचं.

प्राधिकरणाने पहिली वाट धरली. पहिल्या टप्प्याचा अंदाज तळघरासकट 158.9 कोटी डॉलर झाला.

काय केलं

जुनं टर्मिनल ऑगस्ट 2010 मध्ये बंद झालं आणि पाडायला घेतलं. सुमारे 60 फूट खोल खड्डा खणला गेला. 2012 मध्ये पायाचं काम चालू असताना 110 फूट खोलीवर मॅमथचा दात सापडला, क्रेन चालवणाऱ्याला. शहरभर त्याचं कौतुक झालं. पुढच्या काही वर्षांत या प्रकल्पाबद्दल आलेल्या बऱ्या बातम्या मोजायला बसलो तर ही वरच्या क्रमांकावर येईल.

मनोऱ्याच्या जागेसाठी 2007 मध्ये स्पर्धा झाली होती. विजेत्या विकासकाने 35 कोटी डॉलर देऊ केले होते, इतर बोलींपेक्षा कितीतरी जास्त, आणि 1,200 फुटांची इमारत दाखवली होती. मग मंदी आली. 2013 मध्ये प्रत्यक्ष व्यवहार झाला तो सुमारे 19.2 कोटींना, आणि इमारत 1,070 फुटांवर आली. बाजार पडल्यावर किंमत उतरणार हे उघड आहे. पण 35 कोटींचा आकडा सहा वर्षं लोकांच्या मनात आणि आराखड्यांच्या पार्श्वभूमीला घर करून होता. बोली म्हणजे बँकेत जमा झालेला पैसा नव्हे, हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही.

2012 च्या आराखड्यात ठरलं की उंचीचा फायदा घेणाऱ्या इमारतींनी एका खास कर-क्षेत्रात सामील व्हायचं आणि वर्षानुवर्षं जादा कर भरायचा. 2014 पर्यंत बाजार पुन्हा चढला होता, त्यामुळे कराची रक्कमही फुगली. विकासकांनी आक्षेप घेतला : आम्हाला दाखवलेले आकडे वेगळे होते, आता मागता ते जास्त आहेत. शहराचं उत्तर असं की दर मूल्यावर ठरतो आणि मूल्य तुमचंच वाढलंय. कोर्टाची भाषा झाली, एका माजी महापौरांना विकासकांनी वकिली करायला नेमलं. शेवटी त्याच वर्षी तडजोड होऊन कर-क्षेत्र अस्तित्वात आलं. त्यातून कालांतराने 140 कोटी डॉलरपर्यंत रक्कम येईल असा अंदाज होता.

या भांडणात शहर ठाम राहिलं, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण 2012 मध्येच दराची पद्धत, उदाहरणादाखल आकडेमोड आणि ‘बाजार वाढला तर काय’ हे कलम विकासकांच्या सहीने बांधून घेतलं असतं, तर 2014 चा घोळ टळला असता. परवाना हातात पडल्यावर माणूस वेगळ्या सुरात बोलतो.

दरम्यान खर्च चढतच होता. 158.9 कोटींचे 2013 मध्ये 189.9 झाले आणि 2016 मध्ये जवळपास 226. त्या वर्षी शहर आणि प्रादेशिक आयोगाला 26 कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाची तजवीज करावी लागली. बोगद्यासाठी ज्या पैशाकडे डोळे लागले होते तो पहिला टप्पाच खात चालला.

आणि बोगदा? 2014 मध्ये शहराच्या नियोजन खात्याने त्याचा मार्गच पुन्हा तपासायला घेतला. फोर्थ-किंगचं विस्तीर्ण रेल्वे यार्ड मोकळं करता येईल का, दक्षिणेकडच्या फाटकांचं काय, असे प्रश्न होते. प्रश्न रास्तच. पण हा अभ्यास 2018 पर्यंत चालला. वर खांब उभे राहत असताना खाली चार वर्षं नुसता नकाशा चालला होता.

शेजारची इमारत

याच सुमारास एक वेगळंच लचांड उपटलं. स्थानकाला लागून 58 मजली मिलेनियम टॉवर आहे, 645 फूट उंच, 2009 च्या सुमारास लोक राहायला आले. ऑगस्ट 2016 मध्ये जाहीर झालं की ही इमारत 16 इंच खचली आहे आणि एका बाजूला कलली आहे. तिचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले पायाचे खांब, खडकापर्यंत नेलेले नव्हते. वरच्या वाळूच्या थरात थांबवले होते. राहणाऱ्यांनी आणि विकासकाने स्थानकाच्या खोदकामाकडे, तिथून उपसलेल्या पाण्याकडे बोट दाखवलं. प्राधिकरणाचं म्हणणं, आमचं खोदकाम सुरू व्हायच्या आधीच इमारत 10 इंच खचली होती, आणि आम्ही तर मध्ये आधाराची भिंतही बांधली. खटल्यांचं जाळं 2020 मधल्या तडजोडीने सुटलं. कडेने नवे पाइल खडकापर्यंत उतरवायचं काम सुमारे 10 कोटी डॉलरचं. आधी 52 ठरले होते, प्रत्यक्षात 18 घातले आणि 2023 मध्ये काम आटोपलं. सेल्सफोर्स टॉवरचा पाया सुरुवातीपासून खडकात आहे.

निर्णयाच्या दृष्टीने यातली गोम अशी की भरावाच्या आणि वाळूच्या जमिनीवर शेजारी-शेजारी इतकी मोठी कामं काढायची, तर प्रत्येक इमारतीचा पाया सुटा तपासून भागत नाही. मिलेनियमच्या परवान्याच्या वेळी शेजारी खड्डा होणार हे माहीत होतं. या घटनेनंतर शहराने उंच इमारतींच्या पायाची स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी कडक केली.

सहा आठवडे

नवं स्थानक ऑगस्ट 2018 मध्ये उघडलं. एका सॉफ्टवेअर कंपनीने स्थानकाला 25 वर्षं आपलं नाव देण्याच्या हक्कासाठी 11 कोटी डॉलर दिले होते, तेच नाव मनोऱ्यालाही. बसगाड्या थेट पुलावरून स्वतंत्र रॅम्पने तिसऱ्या मजल्यावर येतात, वर बाग, मोफत व्यायामवर्ग, बसताना झाडांची सावली. लोकांना आवडलं. मलाही ते स्थानक सुंदर वाटतं, हे कबूल करून टाकतो.

25 सप्टेंबरला छताचे पत्रे बसवणाऱ्या कामगाराला फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या एका पोलादी तुळईत तडा दिसला. पाहिलं तर शेजारच्या तुळईतही. त्याच दिवशी स्थानक रिकामं केलं. तपासात निघालं ते असं : चार इंच जाड पोलादी पट्ट्यांत वेल्डिंगच्या सोयीसाठी गॅसने भोकं कापली होती, त्यांच्या कडांवर बारीक चिरा राहिल्या, वेल्डिंगच्या वेळी त्या वाढल्या आणि भार आल्यावर पोलाद तडकलं. तुळया मजबूत करून स्थानक 1 जुलै 2019 ला उघडलं. पुलापलीकडच्या बस ऑगस्टमध्ये परतल्या.

ताबडतोब बंद करण्याचा निर्णय निर्विवाद बरोबर. पण त्याचा फटका भलत्याच ठिकाणी बसला. त्या ऑक्टोबरमध्ये काउंटीच्या वाहतूक प्राधिकरणाने बोगद्याच्या कामाचा निधी रोखून धरला. ज्यांना स्थानक धड बांधता आलं नाही त्यांच्या हाती बोगदा द्यावा का, असा सूर होता. तज्ज्ञांची समिती बसली, आणि 2020 मध्ये सहा संस्थांनी मिळून करार केला की निर्णय एकत्र घ्यायचे. खरं तर 2001 मध्येच व्हायला हवा होता असा हा करार. त्यासाठी दोन तुळया तडकाव्या लागल्या.

निकाल

मग कोविड आला. डाउनटाउनच्या कचेऱ्या ओस पडल्या आणि 2023 पर्यंत रिकाम्या जागेचं प्रमाण 30 टक्क्यांच्या वर गेलं. स्थानकाशेजारचा एक भूखंड 2016 मध्ये 16 कोटी डॉलरला विकला गेला होता, त्यावरचा नियोजित मनोरा उभा राहिलेला नाही. फर्स्ट आणि मिशनच्या नाक्यावर शहरातली दुसऱ्या क्रमांकाची उंच इमारत होणार होती, तिचं काम जमिनीच्या पातळीला थबकलं. ज्या इमारती होत नाहीत त्या कर भरत नाहीत.

दुसऱ्या बाजूला, सप्टेंबर 2024 मध्ये कॅलट्रेन सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे पूर्ण विजेवर धावू लागली. डिझेलची गाडी बोगद्यात आणि तळघरात नेता येत नाही, म्हणजे ही पूर्वअटच होती. बोगद्याचा खर्च आता सुमारे 800 कोटी डॉलर सांगितला जातो आणि 2024 मध्ये केंद्राच्या वाहतूक प्रशासनाने त्यातल्या 338 कोटींपर्यंतची तयारी दाखवली. बाकीचे जुळवायचे आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

तळघर आधी बांधण्याच्या निर्णयाची खूप टिंगल झाली. ‘जगातलं सर्वांत महाग बस स्टॉप’ वगैरे. मला तो निर्णय आजही योग्य वाटतो. 2010 मध्ये तळघर झालं नसतं तर 40 कोटी गेले असते आणि आजचे 800 कोटी कितीतरी वाढले असते. चूक असेल तर ती पुढची : तळघर झाल्यावर बोगद्याचा मार्ग, मालक आणि पैसा या तिन्ही गोष्टी अधांतरी राहू दिल्या. 2010 ते 2018 या तेजीच्या काळात, भाडी आणि जमिनीचे भाव गगनाला भिडलेले असताना, बोगद्याचा मार्ग पक्का नव्हता. पैसा यायच्या दिवसांत खर्चायची जागा तयार नव्हती, आणि जागा तयार झाली तेव्हा मनोरे यायचे थांबले.

कर-क्षेत्राच्या पैशाचा ठराविक हिस्सा पहिल्या दिवसापासून बोगद्याच्या नावे कुलूपबंद ठेवता आला असता का? ठेवला असता तर 2016 च्या खर्चवाढीत छतावरच्या बागेला कात्री लागली असती. त्या बागेवर कात्री चालवायची हिंमत कुणात होती, हा प्रश्न मी त्या खोलीत नसल्यामुळे सोपा वाटतो. नगरसेवकाला बाग दाखवता येते. राखीव निधी दाखवता येत नाही.

तिसरी शक्यता मला जास्त पटते, पण तिची चर्चा फार झालेली दिसत नाही. उंचीच्या परवानग्या बोगद्याच्या टप्प्यांशी जोडायच्या : मार्ग मंजूर झाला की इतकी, खोदकाम सुरू झालं की आणखी. विकासकांनी बोंब मारली असती. पण मग बोगदा लवकर व्हावा यासाठी दबाव टाकणारा गट आपोआप तयार झाला असता, तोही पैसेवाला. प्रत्यक्षात झालं उलट. मनोऱ्यांना उंची मिळाली, भाडेकरू मिळाले, नाव मिळालं, आणि गाडीची निकड उरली ती फक्त प्रवाशांना.

सनीवेल, माउंटन व्ह्यू, सॅन होजे या पट्ट्यात राहणारी कितीतरी मराठी मंडळीही त्यांत आहेत. नवी विजेची गाडी झोकात येते, फोर्थ आणि किंगला थांबते, आणि समोर मनोऱ्याचं टोक दिसत असताना सगळे उतरून बस शोधू लागतात.